साथियाखालचं बेअरिंग

माझा धंदा काय, हे एका वाक्यात सांगता आलं असतं तर माझं लग्न दोन वर्षं आधी झालं असतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि मग मुलाकडची एखादी आत्या विचारायची, "मुलगी नोकरी करते म्हणे. काय करते?" माझे बाबा घसा खाकरून सांगायचे, "यंत्रांची थरथर मोजते." सगळे एकमेकांकडे बघायचे. एका आत्याबाईंनी तर सरळच विचारलं, "मोजून मंग काय करते?" याचं उत्तर बाबांकडे नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडेही पुरतं नव्हतं.

आता आहे. कुठलंही यंत्र चाललं की हलतं, आणि हलतं म्हणून आवाज करतं. त्यातलं किती हलणं रीतीचं आणि किती आजाराचं, हे सांगणं म्हणजे आमचं काम. सुपारीएवढा एक धातूचा तुकडा असतो, त्याच्या बुडाला लोहचुंबक. त्याला सेन्सर म्हणतात. तो यंत्राच्या अंगाला चिकटवायचा, वायर हातातल्या डब्याला जोडायची आणि डब्याच्या पडद्यावरचा आलेख वाचायचा. आठवडी बाजारात उभं राहिलं की नुसता गलका ऐकू येतो ना, तसंच यंत्राचंही. हा डबा त्या गलक्यातला एकेक आवाज निवडून वेगळा मांडतो. पंखा एका बाजूनं जड झाला असेल तर तो दर फेऱ्याला एकदा हिसका देतो. पट्टा सैल झाला तर त्याची चाल वेगळी. आणि बेअरिंगच्या आत, गोळ्या ज्या वाटेवरून धावतात त्या वाटेवर खड्डा पडला की दर गोळीमागे एक बारीक टिचकी बसते. ती इतक्या उंच सुरात असते की साध्या कानाला तिचा पत्ता लागत नाही. बेअरिंग मोडायच्या कित्येक दिवस आधी ती टिचकी सुरू झालेली असते. ती वेळेवर सापडली की हंगाम वाचतो, कधी कधी माणूस वाचतो. बस, एवढाच माझा धंदा. हे ऐकायला त्या आत्याबाई आता समोर नाहीत, म्हणून तुम्हाला सांगितलं.

पुण्यात गाड्यांच्या तपासणीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. तिथे सगळं चकचकीत. खोलीच्या भिंतींना फेसाची जाड अस्तरं, आत गेलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. नंतर आमच्या यजमानांची शाळा कारंज्याची आणि सासूबाईंचे गुडघे पण कारंज्याचे, म्हणून मी नोकरी सोडून इकडे आले. डबा विकत घेतला, सेन्सर घेतले, स्कूटरला पिशवी अडकवली आणि जिनिंग, दालमिल, तेलघाणी, पाण्याच्या मोटारी, जे समोर येईल ते मोजू लागले. गावात माझं नाव पडलं थरथरवाल्या मॅडम. मी ते मनावर घेतलं नाही. पाटी रंगवून घ्यायचा खर्च तेवढा वाचला.

गिऱ्हाइकं एकेक अशी की विचारू नका. जऊळक्याच्या एका गृहस्थांनी मला बोलावलं, कारण रेल्वेनं त्यांच्या भिंतीला तडा गेला होता. म्हणजे असं त्यांचं म्हणणं. मी भिंतीला सेन्सर लावून दिवसभर बसले. गाडी आली, गाडी गेली, भिंत ढिम्म. दुपारी मात्र आलेख एकदम उठून नाचायला लागला. मी शेजारच्या खोलीत डोकावले तर पिठाची गिरणी सुरू झालेली. मी म्हटलं, "भाऊ, भिंत हलवून राह्यली ती तुमची गिरणी." तर ते म्हणतात, "ते तं आपल्याच घरची आहे मॅडम, तिचं कायले लिहिता? तुमी रेल्वेचंच लिहा." मी लिहिलं नाही. त्यांनी चहा पाजला, पण बिस्किटं परत डब्यात ठेवली.

अशी फजितीची गोष्ट दुसऱ्याची असली की सांगायला गोड लागते. आता माझी सांगते.

कामरगावच्या रस्त्याला एक जुनी दालमिल आहे. मालक पारससेठ. तीन पिढ्यांचा धंदा, माणूस सज्जन, पण घाईचा. तुरीचा हंगाम ऐन भरात होता आणि त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमचा डबा घेऊन या अन् एक फैसला करून टाका."

भानगड अशी होती. मिलमध्ये किसनाजी नावाचे मिस्त्री, मूळचे धनजचे. सेठच्या वडलांच्या काळापासून मिलचं सगळं यंत्र त्यांच्या हाताखाली. गेले तीन आठवडे ते रोज सेठकडे येऊन सांगत होते की शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं लक्षण बरं नाही, मिल एक दिवस बंद ठेवा, उघडून पाहू. दोनदा तर त्यांनी न विचारता मिल बंद केली होती. बाहेर मालानं भरलेल्या गाड्या उभ्या, आणि हे मोटारीचं बटण दाबून शांत उभे.

"आता मले सांगा," सेठ म्हणाले, "या मानसाले खिशातला फोन वाजला तं ऐकू येत नाही. मागून हाक मारली तं वळत नाही. बहिरा झाला तो. अन् म्हनते, बेअरिंग रडून राह्यलं. माह्या कानाले नाही येत, ऑपरेटरले नाही येत, यालेच कसा आवाज येते? वय झालं, मॅडम. भरम होते मानसाले. तुमचा डबा म्हनला का बेअरिंग खराब आहे, तं मी मिल बंद करतो. डबा म्हनला चांगलं आहे, तं किसनाजीले सोमवारपासून घरी बसवतो. मान राखूनच बसवतो, पन बसवतो."

मला त्याच वेळी म्हणायला हवं होतं की सेठजी, मी बेअरिंग तपासते, माणसं नाही. पण मला मनातून बरं वाटलं. माझ्या डब्याच्या शब्दावर मिल बंद होणार की चालू राहणार हे ठरणार होतं. असा मान पुण्यातसुद्धा मला कुणी दिला नव्हता.

मिलमध्ये गेले. जुन्या धाटणीची मिल. एकच मोठी मोटार, छतालगत एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरणारा लोखंडी दांडा, आणि त्यावरून पट्ट्यांनी खालची सगळी यंत्रं फिरतात. त्या शाफ्टला मध्ये मध्ये बेअरिंगचा आधार. मधल्या बेअरिंगच्या बरोबर खाली सावलीची जागा, तिथं दहा-बारा बायका सुपं घेऊन डाळ निवडत बसलेल्या. आवाज इतका की त्या एकमेकींशी नुसत्या ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलत होत्या, आणि तरीही खदखदून हसत होत्या.

किसनाजी शिडीपाशी उभे होते. उंच, वाळके, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात वीतभर लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली. मला ते थोडं उर्मट वाटलं. मी काही विचारायच्या आत ते शिडी चढून गेले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या मागच्या बाजूला कुठंतरी टेकवलं आणि मूठ दातात धरली. मला वाटलं, हात मोकळे हवेत म्हणून धरली असेल. उतरून आले आणि म्हणाले, "जास्त झालं कालच्याहून." मी हसून डबा दाखवला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग मी चढले. बेअरिंगचं लोखंडी घर निळ्या ऑइल पेंटनं लखलखत होतं. या मिलची रीत अशी की दर दसऱ्याला सगळ्या यंत्रांना नवा रंग लागतो, जुना न काढता, वरूनच. मग सेठच्या आई, पंच्याऐंशीच्या पुढच्या, स्वतः येतात आणि प्रत्येक यंत्रावर आपल्या हातानं कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात. शिडी चढवत नाही, तर त्या एका बेअरिंगसाठी चार माणसं खुर्चीसकट त्यांना उचलून धरतात. तो साथिया पुसू नये म्हणून वर व्हार्निशचा हात. सेन्सर लावायची नेमकी जी जागा, अगदी त्याच जागी तो साथिया होता. ठसठशीत, चारही टिंबांसकट.

माझ्या पिशवीत खरवडायची लोखंडी पत्री होती. रंग खरवडायला एक मिनिट लागलं असतं. मी पत्री बाहेर काढली, साथियाकडे पाहिलं, आणि पत्री परत पिशवीत टाकली. कुणी मला नको म्हटलं नव्हतं. पण म्हातारीनं थरथरत्या हातानं काढलेलं शुभचिन्ह, ते मी खरवडू? माझ्याच्यानं झालं नाही. सेन्सर चार बोटं खाली सरकवून मी रंगावरच लावला. चुंबक नीट धरेना, घसरू लागलं. मग मी हातानं दाबून धरलं आणि आलेख घेतला.

आलेख सुरेख आला. टिचकीचं नावनिशाण नाही. मी खाली उतरले आणि सेठच्या केबिनमध्ये बसून सांगितलं, "बेअरिंग उत्तम आहे. खुशाल चालवा." सेठनं पेढा दिला. बाहेर पडताना किसनाजी दारात होते. त्यांनी पुन्हा माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मी पिशवी सावरत स्कूटरकडे निघाले, पण त्यांना जे समजायचं ते समजलं असावं, कारण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उपरण्यात गुंडाळला आणि निघून गेले.

चार दिवसांनी सकाळी मी कागद लावायला बसले. सेठला लेखी अहवाल द्यायचा राहिला होता. आलेख समोर घेतला आणि हात थांबला. उजवीकडची बाजू, म्हणजे उंच सुरांची बाजू, एकदम सपाट होती. नुसती शांत नव्हे, सपाट. चांगल्यातल्या चांगल्या बेअरिंगलाही तिथं बारीक रेघांचं थोडं गवत उगवलेलं दिसतं. कोरी करकरीत यंत्रं पुण्यात मी आयुष्यभर तपासली, इतकं स्वच्छ एकही नव्हतं. हे बेअरिंगचं आरोग्य नव्हतं. माझ्या सेन्सरचे कान बांधलेले होते.

कागद तसेच टाकले. उठले, अंगणात गेले आणि आमच्या बोअरच्या मोटारीवर प्रयोग मांडला. आधी सेन्सर उघड्या लोखंडावर. मग मध्ये पेपराच्या घड्या घालून, हातानं दाबून. यजमान दात घासत बाहेर आले. "सकायी सकायी मोटारीले पेपर काहून वाचून दाखवून राह्यली?"

"गप बसा," मी म्हटलं. "मी एका मानसाची नौकरी घालवली."

उघड्या लोखंडावर उंच सूर दिसत होते. पेपरावर उजवी बाजू साफ सपाट. अगदी मिलसारखी. जाड थरात उंच सूर मुरतो, गोधडीआडची कुजबुज ऐकू येत नाही तसा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुण्यात नव्या पोरापोरींना शिकवताना मी पहिल्या दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहायचे, आधी रंग खरवडा. वर्षानुवर्षं लिहिली. आणि कामरगावच्या रस्त्यावर साथिया पाहून विसरले.

मी सेठला फोन लावला आणि सांगितलं की माझं मोजणं चुकलं, मिल ताबडतोब थांबवा. ते गोंधळून गेले. "मॅडम, त्या दिवशी तं तुमीच म्हनल्या खुशाल चालवा. आता गाड्या उभ्या आहे. तुमी या, पुन्हा मोजा, मंग पाहू."

"मिल नाही तर नाही, पण शाफ्टखालच्या बायकांना आत्ताच्या आत्ता दुसरीकडे बसवा," मी म्हटलं. "एवढं तरी ऐका." तेवढं त्यांनी ऐकलं. मला फोनवरच त्यांची हाक ऐकू आली.

मी स्कूटर काढली आणि मिलऐवजी आधी धनजला वळवली. बेअरिंगवर किसनाजी कुठं स्क्रू ड्रायव्हर टेकवत होते ते मला जाणून घ्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की त्यांना तोंड दाखवल्याशिवाय मला मिलमध्ये पाय ठेवता आला नसता.

किसनाजी ओट्यावर बसून कुणाचा तरी फवारणीचा पंप खोलत होते. सुनेनं मला पाहिलं आणि ती तोंड फिरवून आत गेली. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. रंग, साथिया, चुंबक, सपाट आलेख. ते माझ्या ओठांकडे बघत ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी पंपाचा वॉशर जागेवर बसवला, मग बोलले.

"म्हंजे तुमचं मशीन नाही चुकलं."

"नाही. मी चुकले."

"देवाचा रंग राखला तुमी, बाई. अन् मले घरी बसवलं."

मला रडू आलं. ते खाली बघून पंप पुसत राहिले. "सेठनं फोन केलता. मले फोनवर समजत नाही, म्हून सुनेले सांगतलं. तिनं मले वरडून सांगतलं, का बाबा, तुमाले आता येऊ नका म्हनते. साऱ्या आळीनं ऐकलं. मले त्याचंच जास्त लागलं."

मग मी जे विचारलं, ते विचारू नये असं आधी वाटलं होतं. "किसनाजी, तुम्हाला ऐकू येत नाही, तर बेअरिंगचं समजतं कसं?"

त्यांनी शेजारचा स्क्रू ड्रायव्हर उचलून माझ्या हातात दिला. मूठ दातांच्या खुणांनी कुरतडल्यासारखी झालेली. "लहानपनी कान फुटले माहे. मिलमंधी कोनाले समजलं नाही, तिथं सारेच बहिरे. मी दातानं ऐकतो."

यंत्राची थरथर दातातून जबड्यात, जबड्यातून कवटीत, आणि थेट आतल्या कानात. फुटका पडदा मध्ये येतच नाही. जे ऐकायला मी पुण्याहून डबा आणला, ते हा माणूस मूठ चावून ऐकत होता. आणि मला वाटलं होतं, हात मोकळे हवेत म्हणून.

"पण रंगावरून कसं कळतं?" मी विचारलं. "माझ्या सेन्सरलासुद्धा कळलं नाही."

"रंगावर कोन लावते?" ते म्हणाले. "दसऱ्याचा रंग वाळला का मी शिडीवर चढतो. मांगच्या अंगानं, खाली, रुपयायेवढी जागा खरडून ठेवतो. समोरून आईसाहेबाचा साथिया तसाच राह्यते. मांगून माहं काम होते. दोघायचंही भागते."

चार बोटं खाली सरकण्याऐवजी मी नुसता हात मागे घातला असता तर. खालच्या बाजूलाच शाफ्टचा सगळा भार, म्हणजे जागाही त्यांनी माझ्यापेक्षा चांगली निवडलेली.

"चला," मी म्हटलं. "म्हणजे, याल का? सेठनं बोलावलं नाही. मीच बोलावते आहे."

मला वाटलं, मान आडवा येईल. माझा आला असता. पण त्यांनी विचारलं, "बायका तिथंच बसून आहे का?"

"उठवायला सांगितलंय."

"सांगतलंय म्हंजे उठलं असं नसते," ते म्हणाले, आणि चपला पायात घालून माझ्या स्कूटरच्या मागे बसले सुद्धा.

मिलमध्ये पोचलो तर निम्म्या बायका उठल्या होत्या, निम्म्या सावली सोडायला तयार नव्हत्या. किसनाजींनी काही न बोलता एकेकीचं सूप उचललं आणि पलीकडच्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं. सुपामागे बायका आपोआप गेल्या. सेठ केबिनमधून बाहेर आले, किसनाजींना पाहून थबकले, मग माझ्याकडे वळले. "दहा मिनिटं देतो, मॅडम."

मी शिडी चढले. हात मागे घातला. रंगाच्या कडेखाली बोटाला गार, गुळगुळीत लोखंड लागलं. सेन्सर टप्पकन चिकटला, हात लावायचीसुद्धा गरज पडली नाही. डब्याच्या पडद्यावर टिचक्या अशा उभ्या राहिल्या की मोजायला नको. एकसारख्या अंतरावर, एकामागोमाग एक, पलीकडच्या टोकापर्यंत. मी डबा खाली सेठच्या हातात दिला. त्यांना आलेख कळत नाही, पण माझा चेहरा कळला असावा. त्यांनी स्वतः जाऊन मोटार बंद केली.

बेअरिंग उघडायला दुपार झाली. किसनाजींनीच उघडलं. बाहेरच्या कड्याच्या आतून खड्डा, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या शेजारून निघालेली केसासारखी चीर. गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याचे दोन दुवे तुटलेले. आणखी किती दिवस चाललं असतं, हे मी सांगू शकत नाही. फार नाही, एवढंच सांगते. शाफ्ट निखळला असता तर पट्टा सुटून कुठं पडला असता, ते सगळ्यांनी वर बघून आणि मग खालच्या रिकाम्या सावलीकडे बघून ठरवलं. बायकांमधली एक जण म्हणाली, "माही तं जागाच थे होती." सेठनं तिला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले.

नवं बेअरिंग बसलं. मी म्हटलं, मिल चालू करा, शेवटचं मोजमाप घेते. मोटार सुरू झाली, पट्टे फिरले, पुन्हा तो गलका. मी किसनाजींच्या जागेवर सेन्सर लावला. उजव्या बाजूला थोडंसं गवत, बाकी सगळं निवांत. असा आलेख पाहिला की मला भूक लागते.

खाली उतरले तेव्हा सेठ किसनाजींसमोर येऊन उभे होते. दोन्ही हात मागे बांधलेले, नजर जमिनीकडे. त्यांनी काहीतरी पुटपुटलं. माझ्यापर्यंत त्यातलं अर्धंच आलं, चूक झाली, उद्यापासून या, असं काहीसं. किसनाजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या, आणि बोटानं कानाकडे खूण केली.

आज एवढं सगळं होऊन पुन्हा या माणसाला बहिरा म्हणून उभं राहावं लागणार. मी मध्ये पडले. "सेठजी, मिल चालू आहे, काहीच ऐकू येत नाही. मलाही आलं नाही. जरा मोठ्यानं बोला."

सेठचा आवाज थोडा वाढला. "किसनाजी, माही चूक झाली. उद्यापासून या."

किसनाजींनी पुन्हा कानाकडे बोट केलं.

आता पलीकडे डाळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. ऑपरेटर पट्ट्यापासून दूर होऊन पुढे आला. हमाल पोतं खांद्यावरच ठेवून उभे राहिले. सेठनं एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. मग त्या माणसानं छाती भरून घेतली, नजर वर केली आणि तीन पिढ्यांच्या त्या मिलमध्ये, मोटारीच्या वर आवाज काढून ओरडून सांगितलं, "किसनाजी, तुमचं बरोबर होतं! मी चुकलो! तुमी घरी बसू नका, उद्यापासून या!"

किसनाजींनी हात जोडले. बायकांनी सुपं वाजवली. सेठ लालबुंद होऊन, पण हसत, केबिनमध्ये गेले. मी धनजपर्यंत किसनाजींना स्कूटरवर सोडलं, घरासमोर उतरल्यावर म्हटलं, "तिसऱ्यांदा आलं ना नीट ऐकू? मला वाटलं आता चौथ्यांदा ओरडायला लावावं लागतंय."

त्यांनी उपरणं सारखं केलं.

"पयल्याच बारीले समजलं होतं, बाई," ते म्हणाले. "मिलमंधी आमी सारे ओठं वाचतो."